येऊरची हिवाळी फेरी: पक्षी, पाऊलखुणा आणि सागाची वलयं

येऊरला जायचं ते पावसाळ्यात, असं ठाण्यात जवळजवळ सगळ्यांचंच मत. हिरवळ, ओढे, धुकं, परतताना भाजलेलं कणीस. ज्याला जंगल नुसतं बघायचंय त्याने तेव्हा जरूर जावं. ज्याला जंगल वाचायचंय त्याने मात्र डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीची सुरुवात हा काळ धरावा. गवत वाळून बसलेलं असतं, सागाची पानं गळायला लागलेली असतात, त्यामुळे नजर आत शिरते. वाळलेल्या पाचोळ्यात सरडा हलला तरी ऐकू येतो. हिमालयातून आणि त्याही पलीकडून आलेले पक्षी मुक्कामाला असतात. आणि एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: याच दिवसांत सागाच्या खोडात सरत्या वर्षाचं वलय पुरं होतं. या फेरीत बिबट्या दिसेल की नाही ते कोणाच्याच हातात नाही, पण खाली दिलंय तसं गेलात तर वलयं नक्की दिसतील.

जाण्याआधी

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. शंभराहून थोडं जास्त चौरस किलोमीटरचं हे जंगल बोरिवली आणि ठाण्याच्या मध्ये पसरलंय, आणि आपल्या बाजूने चढायचं ते उपवन तलावावरून. ठाणे स्टेशनहून टीएमटीची येऊरची बस मिळते. पहिली बस किती वाजता ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, कारण सगळी मजा पहाटेच्या दोन तासांत असते. नाहीतर रिक्षाने उपवनपर्यंत जाऊन चालत चढावं. चढ फार नाही, आणि वाटेतच पक्षी सुरू होतात.

फाटकावर वनखात्याची नोंद करावी लागते. डांबरी रस्ता आणि पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा वेगळ्या, जंगलाच्या आतल्या पायवाटा वेगळ्या. आत जायचं तर परवानगी घ्या आणि बरोबर स्थानिक माणूस घ्या. पाटोणपाडा, जांभूळपाडा या बाजूला राहणाऱ्या वारली, ठाकर, कातकरी घरांतली पोरं या वाटांवर लहानाची मोठी झालेली असतात. आपण पुस्तक उघडून पक्षी शोधतो, ती शीळ ऐकून सांगतात. त्यांच्या दिवसाचे पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका.

वार निवडताना रविवार टाळा. शनिवारी रात्री उशिरापर्यंत डोंगरावर पार्ट्यांचा दणदणाट असला की रविवारी सकाळी जंगल गप्प असतं, आणि सातनंतर सायकली आणि गाड्यांची रांग लागते. मंगळवार-बुधवारी सुट्टी टाकणं जमत असेल तर टाका.

बरोबर काय न्यायचं? आठ बाय बेचाळीसची दुर्बीण असली तर उत्तम. झाडीतल्या छोट्या पक्ष्यासाठी यापेक्षा जास्त ताकदीची दुर्बीण हातात हलते. घड्याळजींकडे असतं तसं दहापट दाखवणारं छोटं भिंग. जुना टूथब्रश, पाण्याची बाटली, पेन्सिल, सहा इंची पट्टी, वही. हे सामान कशाला ते पुढे येईलच. कपडे मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. पहाटे हवा पंधरा-सोळा अंशांवर आलेली असते, पण नऊनंतर घाम फुटतो, म्हणून स्वेटर असा घ्या की काढून पिशवीत कोंबता येईल.

पहिला तास: उभं राहायचा

जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पावणेसातला फाटकापाशी असाल तर वेळेवर आलात. नवखा माणूस इथे भराभर चालायला लागतो. तसं करू नका. पहिल्या मोकळ्या जागेत, जिथे उंबर किंवा वड आहे आणि त्याच्यापुढे थोडं आभाळ आहे, तिथे वीस मिनिटं नुसतं उभं राहा. ऊन प्रथम शेंड्यांवर पडतं, किडे तिथे आधी हलायला लागतात, आणि त्यांच्यामागे पक्षी येतात. हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, उघड्या शेंड्यावर ऊन खात बसलेला याच वेळी सापडतो. एकदा का तो उंबराच्या पानांत शिरला की समोर असून दिसत नाही. राखी धनेशाची जोडी एकामागून एक, हेलकावत, एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. तांबटाचं ‘टुक्‌ टुक्‌’ तर ठाण्यात घराच्या खिडकीतूनही ऐकू येतं. इथे त्याच्या जोडीला त्याच्या थोरल्या भावाचं, तपकिरी डोक्याच्या तांबटाचं, ‘कुटुर्र कुटुर्र’ असतं.

मग पाहुण्यांकडे वळा. लाल छातीचा माशीमार हिवाळाभर जवळजवळ एकाच पट्ट्यात राहतो, म्हणून एकदा दिसला की पुढच्या खेपेला त्याच जागी शोधावा. जमिनीपासून हातभर ते डोक्याएवढ्या उंचीवरच्या फांदीवर बसतो, शेपटी झटकन वर करतो आणि वाळक्या काटक्या घासल्यासारखा ‘टर्र’ आवाज काढतो. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे दिसले म्हणजे ओळख पक्की. छातीचा लाल रंग फक्त मोठ्या नरालाच असतो, त्यावर विसंबू नये. राखी कोतवाल, निळ्या डोक्याचा कस्तुर, निलांग माशीमार हेही याच दिवसांतले. वटवट्यांच्या नादाला मात्र पहिल्या हिवाळ्यात लागू नका. सगळे हिरवट, सगळे पानामागे, आणि ओळख बहुतेक आवाजावरून.

हिवाळी जंगलात एक गंमत हमखास घडते. अर्धा तास काहीच नाही, आणि मग अचानक एका झाडावर दहा-पंधरा पक्षी. हा मिश्र थवा. पुढे सातभाई पाचोळा उलथत असतात, खोडावर सुतार आणि शिलींध्री, मधल्या फांद्यांत सुभग, चष्मेवाले, माशीमार, आणि वर कोतवाल, कधी शेपटीला दोन लांब पिसं असलेला भृंगराज. इतरांनी उडवलेले किडे कोतवाल टिपतो, आणि शिक्रा आला की इशाराही तोच देतो. इशारा कधीकधी खोटा असतो. बाकीचे दचकले की त्यांच्या तोंडचा किडा पळवायचा हा त्याचा जुना धंदा. थवा दिसला की मागे धावू नका. तो कोणत्या दिशेने सरकतोय ते पाहा, तीस-चाळीस पावलं पुढे जाऊन थांबा. तो तुमच्यावरून निघून जाईल.

जमिनीवर काय बघायचं

ऊन वाढलं की नजर खाली आणा. वाटेवरची बारीक धूळ, ओढ्याच्या कडेचा चिखल, ही दोन ठिकाणं सोडू नका. बिबट्याचा पंजा सात-आठ सेंटिमीटर रुंद, गोलसर, आणि त्यात नखांची खूण नसते, कारण चालताना तो नखं आत ओढून ठेवतो. कुत्र्याचा ठसा लांबट असतो आणि बोटांपुढे नखांचे टिंबटिंब दिसतात. पाड्यांतली कुत्री इथे सगळीकडे फिरतात, तेव्हा दहातले नऊ ‘बिबट्याचे ठसे’ त्यांचेच निघतात. विष्ठा सापडली तर काडीने बाजूला करून पाहा: केस असतात, हाडाचे कपचे असतात. हात लावू नका, वास घ्यायला वाकू नका. रानडुकरांनी उकरलेली जमीन ओळखायला अवघड नाही; रात्रीत कोणी कुदळ मारून गेल्यासारखी दिसते.

आवाजही वाचायचे असतात. वानरांचं खालच्या पट्टीतलं घुमणं म्हणजे सगळं ठीक आहे. त्याच वानराने शेंड्यावरून एका दिशेला बघत ‘खक्‌ खक्‌’ लावलं आणि त्यात भेकराचं भुंकणं मिसळलं, तर बिबट्या हिंडतोय असं समजा. अशा वेळी एकत्र या, मुलांना मध्ये घ्या, वाकून किंवा उकिडवे बसू नका, आणि बोलत बोलत आल्या वाटेने परत फिरा. पळायचं नाही. बिबट्या समोर आलाच तर त्याला जायची वाट मोकळी ठेवा आणि पाठ न दाखवता मागे सरका. मोबाइलवर शूटिंग करायला पुढे सरकणारा एखादा महाभाग प्रत्येक गटात असतो. त्याला निघण्याआधीच सांगून ठेवा. उजाडायच्या आत आणि अंधार पडल्यावर इथे पायी फिरणं नको, हे वेगळं सांगायला नको. जखमी किंवा अडकलेला प्राणी दिसला तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे. स्वतः सोडवायला जाऊ नका.

वाटेत दोन झाडांच्या मध्ये सोनेरी धाग्याचं मोठं जाळं आणि त्यात पाय पसरून बसलेला तळहाताएवढा काळा-पिवळा कोळी भेटेल. हिवाळा सरतो तशी ही जाळी विरत जातात. माणसाला त्याच्यापासून धोका नाही, पण जाळं चेहऱ्यावर आलं की धीट माणूसही किंचाळतो. पुढे चालणाऱ्याने एक काठी आडवी धरावी.

सागाचं पान, मग सागाचं खोड

आता मुख्य काम. आधी साग ओळखा. हाताच्या दोन पंजांएवढं खरखरीत पान, चौकोनी डहाळी, उभ्या बारीक चिरांची करडी साल. कोवळं पान चुरगळलं की बोटं लाल होतात, पण या दिवसांत कोवळं पान मिळणार नाही. मिळेल ते जाळी झालेलं पान. खाली पडलेलं एक उचला आणि उजेडाकडे धरा: शिरा सगळ्या शाबूत, मधला हिरवा भाग साफ. हे एका पतंगाच्या अळ्यांचं काम. पावसाळ्याच्या शेवटाला त्या सागावर तुटून पडतात, आणि दुरून सगळा डोंगर करपल्यासारखा वाटतो. झाड मरत नाही. पण जंगलात कोणत्या वर्षी काय झालं याची नोंद खोडात कुठेतरी राहते, म्हणून हे पान लक्षात ठेवा.

साल आणि लाकूड यांच्या मध्ये जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल तयार करतो. आपल्याकडे साग उन्हाळ्यात निष्पर्ण उभा असतो. पावसाच्या तोंडावर त्याला पालवी फुटते आणि हा थर जागा होतो. सुरुवातीला पाणी वर न्यायची घाई असते, म्हणून मोठ्या पोकळ नळ्या तयार होतात. पुढे पुढे नळ्या बारीक, लाकूड घट्ट. थंडीत पाणी आटतं, पानं गळतात, काम थांबतं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मोठ्या नळ्यांची नवी ओळ. आडव्या कापावर ही ओळ नुसत्या डोळ्यांनाही सुईने टोचलेल्या भोकांसारखी दिसते. अशी प्रत्येक ओळ म्हणजे एका पावसाळ्याची सुरुवात. आपल्या बहुतेक झाडांत ही गोष्ट इतकी साफ नसते; सागात असते, म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या काळच्या मान्सूनचा अभ्यास झालेला आहे. या शास्त्राचा पाया घालणारा ए. ई. डग्लस मुळात खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचा हवामानावर काही परिणाम होतो का हे शोधायला तो अमेरिकेतल्या ॲरिझोनात झाडांकडे वळला आणि मग झाडांचाच झाला.

कापलेला साग कुठे बघायचा? उभ्या झाडाला हात लावायचा नाही. अभ्यासक गिरमिटासारखं पोकळ हत्यार वापरून पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी काढतात, पण राष्ट्रीय उद्यानात ते परवानगीशिवाय करणं गुन्हा आहे. त्याची गरजही नाही. पावसाळ्यात पडलेली झाडं रस्ता मोकळा करताना करवतीने कापतात आणि ओंडके कडेला ढकलतात. त्यांचा कापलेला तोंडवळा तुम्हाला हवाय. जागेवरच बघायचं, जंगलातून काटकीही उचलून आणायची नाही.

ओंडक्यासमोर बसण्याआधी भोवतीचा पाचोळा काठीने हलवून घ्या. लाकडाच्या कडेला घोणस ऊन खायला येते.

मग टूथब्रशने भुसा आणि माती झाडा. बाटलीतलं थोडं पाणी ओता. ओल्या लाकडावर वलयं एकदम उठून दिसतात. बाहेरचा दोन-तीन बोटं रुंद फिकट पट्टा म्हणजे कच्चं लाकूड, आतला सोनेरी तपकिरी म्हणजे गाभा. सुतार कपाट करायला गाभाच मागतो. काप ताजा असेल तर कमावलेल्या चामड्यासारखा वास येईल. आता मध्यापासून सालीपर्यंत पेन्सिलीने एक फिकट सरळ रेघ मारा आणि त्या रेघेवर भिंग लावून बाहेर मोजत जा. प्रत्येक दहाव्या वलयावर एक टिंब, पन्नासाव्यावर दोन, शंभराव्यावर तीन; प्रयोगशाळेतही हीच खूण चालते. नंतर दुसऱ्या दिशेला तशीच रेघ मारून पुन्हा मोजा. दोन आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका, तिसरी रेघ मारा. दाटीत दबून वाढलेल्या झाडात एखादं वलय एका बाजूला इतकं बारीक होतं की शेजारच्यात विरून जातं.

उतारावरच्या झाडात मध्य मध्यात नसतो. वरच्या बाजूला, डोंगराकडे, वलयं रुंद सापडतात, कारण झाड स्वतःला मागे ओढून धरत असतं. म्हणून रुंदी मोजायची तर उताराला आडव्या रेघेवर मोजा.

खोटं वलय ही खरी अडचण. ऑगस्टमध्ये पावसाने लांब ओढ दिली, किंवा अळीने सगळी पानं खाल्ली, की वाढ थबकते, लाकूड घट्ट होतं, आणि पुन्हा पाऊस आला की परत सैल. नीट पाहिलं तर खोटं वलय दोन्ही बाजूंनी हळूहळू विरतं. खऱ्याची बाहेरची कड चाकूने कापल्यासारखी असते आणि तिच्या लगेच पुढे मोठ्या भोकांची ओळ. शंका आली तर ते वलय बोटाने पूर्ण गोल फिरवून पाहा. खरं वलय सहसा पुरी फेरी करतं, खोटं मध्येच हरवतं.

शेवटच्या वलयावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. साल जागेवर आहे ना ते आधी बघा. नसेल तर बाहेरची काही वलयं झडलेली असू शकतात आणि झाड केव्हा पडलं ते सांगता येत नाही. साल असेल तर तिला लागून काय आहे? नुसती मोठी भोकं आणि त्यापुढे काहीच नसेल, तर झाड पावसाळ्याच्या पहिल्या भागात पडलं. भोकांपुढे घट्ट लाकडाचा पट्टाही असेल, तर ते वर्ष पुरं करून पडलं. जंगलातल्या कोणाला न विचारता एवढं समजतं. मला तर वय मोजण्यापेक्षा यातच जास्त रस वाटतो.

रुंदीवरून पावसाचा हिशेब लावायला मात्र जपून. मराठवाड्यात किंवा विदर्भात पाऊस कमी झाला की झाडाची उपासमार होते आणि वलय आखडतं. ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, झाड सहसा तहानेलं राहतच नाही, म्हणून इथली वलयं बरीचशी एकसारखी असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणून त्या वर्षीचं वलय रुंद शोधू नका. एका दिवसाचं पाणी खाडीला वाहून जातं, झाडाला मुरलेलं आणि टिकलेलं पाणी लागतं. एकदम आखडलेली चार-पाच वलयं दिसली तर पावसाआधी दुसरी कारणं तपासा: वणवा, अळी, शेजारच्या झाडाची सावली. आणि बारीक वलयांनंतर एकाएकी रुंद वलयं सुरू झाली, तर बहुधा शेजारचं मोठं झाड पडलं आणि याला ऊन मिळालं. वणव्याची खूण वेगळीच असते: एका बाजूला काळा ओरखडा आणि त्यावर दोन्हीकडून वळून आलेलं नवं लाकूड.

जाड झाड म्हणजे म्हातारं झाड, हा समज इथेच सोडून द्या. समजा मध्यापासून सालीपर्यंत १४ सेंटिमीटर भरले आणि वलयं ३५ निघाली, तर सरासरी वाढ वर्षाला ४ मिलिमीटर. ओढ्याकाठच्या सागाने तेवढीच जाडी याच्या निम्म्या काळात गाठलेली असू शकते.

ज्यांना वलयं नसतात

भेरली माड, ताड, शिंदी, बांबू यांच्या कापात वलय शोधत बसू नका. त्यांच्या खोडात वलयं तयार करणारा तो जिवंत पेशींचा थरच नसतो. गुलमोहर आणि आंब्याच्या कापावर रेघा दिसतात, पण एक रेघ म्हणजे एक वर्ष हा भरवसा नाही. सगळ्यात फसवी खाडीकाठची तिवरं. ठाणे खाडीत तिवराचा तुटका बुंधा पाहिलात तर सुबक वलयं दिसतील, पण ती वर्षांची नसतात. तिथे लाकूड तयार करणारे थर एकामागून एक नवे उगवत जातात. ऐरोलीला रोहित (फ्लेमिंगो) बघायला गेलात तर हे जरूर पाहा. खाडीचा तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. बोटीची वेळ भरतीवर ठरते, त्यामुळे सकाळी येऊर आणि दुपारी ऐरोली असा बेत भरतीचं कोष्टक पाहूनच करा.

वलयांखेरीज काळ मोजणारं एक झुडूपही येऊरला आहे: कारवी. सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते आणि मरते. इथे २०१६ मध्ये ती फुलली होती. फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात तिची सुकी बोंडं तडतडत फुटतात.

घरी आल्यावर

जंगलात वेळ पुरत नाही, म्हणून ओंडक्याचा फोटो काढून आणा: कॅमेरा कापाच्या बरोबर समोर, बाजूला पट्टी. पट्टी विसरली असेल तर दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. घरी फोटो मोठा करून सावकाश मोजा.

हाताने खरवडून बघायची हौस असेल तर जवळच्या लाकडाच्या वखारीत जा आणि सागाच्या ओंडक्याच्या टोकाची वाया जाणारी चकती मागा. ती आडव्या कापाची आहे ना ते पाहून घ्या. फळीच्या तुकड्यावर वलयं उभ्या रेघांसारखी दिसतात आणि मोजायला निरुपयोगी असतात. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा, मग १२०, २२०, शेवटी ४००. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत घासायचा. इथे घाई केली की भोकं भुश्याने बुजतात आणि सगळी मेहनत वाया जाते. शेवटी ओल्या फडक्याने पुसा आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात धरा.

पक्ष्यांची यादी त्याच दिवशी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. वेळ, किती चाललात आणि किती जण होता हेही लिहा, त्याशिवाय यादीचा कोणाला उपयोग होत नाही. बिबट्याचे ठसे किंवा घुबडाची ढोली सापडली असेल तर नेमकी जागा सोशल मीडियावर लिहू नका. पुढच्या रविवारी तिथे वीस कॅमेरे उभे राहतात. वहीत मात्र ओंडका कुठे होता ते नीट नोंदवा, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात तो कुजण्याआधी उरलेली रेघ मोजता येईल.